थंड हवेचं इंजिन

युसूफ वडगाव,
रविवार, ४ मार्च १९७३

चि. चंपूस,

सप्रेम जयभीम आणि पुष्कळ आशीर्वाद.

तुझं पत्र बुधवारी पोचलं. गुडघ्याला तेल लावतेस का? लावत नसशील. इकडे आम्ही दोघंही बरी आहोत. सकाळी पाण्याच्या दोन घागरी मिळाल्या की बरी. एकच मिळाली तर हे चहा सोडतात आणि मी बोलणं सोडते. रेशनची तांबडी मिलो, ती अमेरिकेची ज्वारी, खाऊन सगळ्या गावाची तोंडं वाकडी झाली आहेत. तिची भाकरी थापताना तळहाताखाली लाकडाचा भुसा आहे असं वाटतं.

तुझ्या शाळेत धाकट्या वर्गांना गाणं शिकवायला जूनपासून बाई हवी आहे, हे मी चार वेळा वाचलं. मदरनी माझं नाव आपणहून काढलं, हे खरं ना? की तूच काढायला लावलंस? तुझ्या घरच्या मागच्या खोलीची खिडकी पेरूच्या झाडाकडे उघडते हेही वाचलं. चंपू, मला खिडकीचं इतकं कौतुक का, ते पुढे कळेल.

मी ह्यांना विचारलं. रेल्वेच्या वर्कशॉपातून रिटायर होऊन हे गावी आले तेव्हा मला म्हणाले होते, "दोन वर्षं. तेवढ्यात सोसायटीचं वर्कशॉप उभं राहतं, मग परत सिकंदराबाद." ते दुसरं वर्ष संपून आता सातवं चालू आहे. त्यामुळे विचारताना मी पोळपाटाकडे बघत होते. हे लगेच म्हणाले, "जा की. डबा पास होऊ दे, घाटनांदूरला मी सोता गाडीत बसवून देतो."

डबा म्हणजे काय, ते सांगते. नाहीतर तू म्हणशील, अक्का उन्हाने भ्रमली.

इथे पाणी राहिलंय ते फक्त सरकारी दवाखान्याच्या आवारातल्या विहिरीला. तिच्यावर डिझेलचं इंजिन बसवलंय. पण विहिरीला लागूनच बाळंतिणींची खोली. इंजिन सुरू झालं की खोलीतली भांडी थरथरतात, पोरं दचकून रडतात. डॉक्टरीणबाईंनी ठणकावलं, दिवसातून दोन तास, जास्त नाही. दोन तासांत गावापुरतंही पाणी निघत नाही. वरच्या तीन वस्त्यांना तर टँकरचीच वाट. ह्यांनी सोसायटीच्या सभेत उठून सांगितलं, "इंजिनाच्या धुराड्याला मी असा सायलेन्सर करून देतो, की बाळंतीण झोपली तर उठणार नाही. मग दिवसभर चालवा." सरकारी साहेब म्हणाले, आमच्या इंजिनावर प्रयोग चालणार नाहीत. पास केलेला डबा आणा, एकदाच बसवून बघू.

आता तो पास कशावर करायचा? गावात इंजिनं वीस आहेत, पण त्यांना थंड ठेवायला पाणी लागतं. कोरडं चालवलं की आतला दट्ट्या धरतो. माणसाला घागर मिळेना, तिथे इंजिनाला पिंपभर कोण पाजणार?

म्हणून ह्यांनी खोटं इंजिन केलंय. एका जुन्या सायकलीचं मागचं चाक काढून तिथे पत्र्याची चकती बसवली आहे. तिला गोल आठ भोकं. मागून लोहाराच्या दोन भात्यांची हवा येते, पुढे पाइप. सायकल मारली की चकती फिरते, हवेचे तुकडे पडतात आणि पाइपातून हुबेहूब इंजिनासारखं फट् फट् फट् बाहेर येतं. तेल नाही, धूर नाही, पाणी नाही. पॅडल मारतो तो कचरू, सोसायटीचा मिस्तरी. चाळिशीचा असेल, आपल्यातलाच. भोक पाडण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात नाही. भाते ओढते भामाबाई. धनगराची बाई, मेंढरं गेल्या दिवाळीतच विकावी लागली. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "बाई, ह्येला ना खाणं ना पिणं, नुसतंच बोंबलतंय. माज्या सासूवाणीच हाय की."

आणि मी कुठे, तर मी कान.

सोसायटीचं ज्वारीचं गोदाम रिकामंच आहे. त्याची एक खोली आतून गोणपाटं आणि वाकळा ठोकून बंद केली आहे, म्हणजे बाहेरचं काही ऐकू येऊ नये. पाइपाचं तोंड भिंतीतून आत आणलंय. मी आत स्टुलावर बसते. खिडकी नाही. दाराला फट राहू नये म्हणून कडी बाहेरून घट्ट लावतात. त्या फट् फट् आवाजाच्या पोटात एक घोगरा, लांबट सूर असतो, भिंतीतून आरपार जातो तो हाच. ह्यांना आणि कचरूला तो वेगळा ऐकू येत नाही, मला येतो. पाइपाच्या कडेला मडक्यासारखा बंद डबा जोडायचा, आणि डब्याचा स्वतःचा सूर त्या घोगऱ्या सुराशी जुळला, की डबा तो सूर गिळून टाकतो. म्हणून रोज डबा थोडा लांब, थोडा आखूड, भोकं जास्त, भोकं कमी. मी भिंतीवर एकदा ठोकलं तर सूर आहे, दोनदा ठोकलं तर कमी झाला. तीनदा अजून ठोकलेलं नाही.

भाता ओढला की चामड्याचा वास येतो आणि मला चॅपलमधलं ऑर्गनच्या मागचं ते अंधारं बोळकांडं आठवतं. बाबा ऑर्गनच्या भात्याचा दांडा वरखाली करताहेत, आपण दोघी पायरीवर, आणि पुढे कुणाला माहीतही नाही की मागे कुणाचा तरी सदरा घामाने भिजलाय. त्या दांड्यावर आपल्या दोघींची शाळा झाली. सिस्टर अॅग्नेसनी दिलेला नादकाटा मी अजून जपलाय. तोच घेऊन मी खोलीत बसते. गुडघ्यावर आपटला की तसाच गातो. माझा आवाज मात्र आता फाटलाय.

जूनला अजून तीन महिने आहेत. मदरना सांग, सगुणा येते.

तुझी,
अक्का


युसूफ वडगाव,
ईस्टर, २२ एप्रिल १९७३

चि. चंपू,

आशीर्वाद. आज ईस्टर आहे हे इथे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. सकाळी मी मनातल्या मनात सगळी गाणी म्हटली, ओळी विसरले तिथे बाबांचं गुणगुणणं घातलं. चौदा तारखेला जयंती झाली. मिरवणूक निघाली, पण हलगी नव्हती. हलगीवाले सगळे रस्त्याच्या कामावर. दोर लावून निळे झेंडे बांधले होते, ते वाऱ्याने वाजत होते तेवढंच.

आधी चांगली बातमी. डबा पास झाला! गेल्या मंगळवारी, सकाळी सातला. कचरू पॅडल मारतोय, भामाबाई भाते ओढतेय, आणि आत फक्त हवेची कुजबूज. तो घोगरा सूर नाहीच. मी तीनदा ठोकलं. बाहेर एवढा कल्ला झाला की वाकळांतूनही ऐकू आला. ह्यांनी सोसायटीच्या रजिस्टरात लिहिलं, 'सूर बंद', आणि त्याखाली माझी सही घेतली. सोसायटीचे सेक्रेटरी बंकटराव म्हणाले, "वहिनी, कॉन्व्हेंटची सही! सरकारलाबी वाचता येईना, अशी भारी." नऊ मे ठरली आहे. साहेब येणार, दवाखान्याच्या इंजिनाला डबा बसणार. आणि मी दोन जूनला निघते. ह्यांनी आपणहून तारीख सांगितली. ट्रंक उन्हात ठेवली आहे. तुझ्या त्या खिडकीला पडदा आहे का? नसला तर मी निळ्या लुगड्याचा शिवून आणते.

मधे एक गंमत झाली ती सांगते. गंमतच म्हणायची.

अकरा तारखेला दुपारी मी आत होते. कचरू नवीन भोक पाडत होता, म्हणून मी नुसती बसून होते. तेवढ्यात टँकर आला. एरवी सकाळी येतो, त्या दिवशी बाराला आला. गावात टँकर आला की काय होतं, ते तुला सांगून कळायचं नाही. हातातलं मूलसुद्धा खाली ठेवून बाया धावतात. भामाबाई भाता टाकून पळाली, कचरू पाना टाकून पळाला. हे केजला गेले होते. बाहेरून कडी तशीच.

मला आधी वाटलं, कामच थांबलंय. मग एकदा ठोकलं, दोनदा ठोकलं. मग सलग ठोकलं. आपण ठोकतो तेव्हा बाहेर कुणीतरी ऐकत असतं, ही किती मोठी गोष्ट आहे, चंपू. मी हाका मारल्या. त्या खोलीचं कौतुक हेच, की आतला आवाज बाहेर जात नाही आणि बाहेरचा आत येत नाही. ती आम्हीच तशी केली आहे. एक एक वाकळ मी स्वतः टाचली आहे.

दीड तास. वर पत्रा, एप्रिलचं ऊन. पदर भिजला, मग सुकला. काहीतरी करायचं म्हणून मी पाइपाला तोंड लावून डब्यात गुणगुणले. सकाळी गुणगुणले होते तेव्हा डबा नादकाट्याशी अगदी जुळून घुमला होता, म्हणजे जिथे जुळायला हवा तिथेच. दुपारी पुन्हा काटा वाजवला आणि पुन्हा गुणगुणले. असो.

मग भामाबाईला आठवलं. दार उघडून माझ्याकडे बघून तिने कपाळावरच हात मारला. "अगं माय माय माय! बाई आतमंदी हायती, आन् आमी हंड्यापायी मरायलो!" तिने आणलेल्या घागरीतलं पाणी तिथेच माझ्या डोक्यावर ओतलं. अर्धी घागर! ती तिच्या घरची दिवसाची होती. कचरू खाली मान घालून म्हणाला, "माफी करा बाई. मी हापशाच्या पल्याड गेलतो, ध्यानातच न्हाई राहिलं." मी म्हटलं, काही नाही झालं. ह्यांना मी सांगितलं नाही. काहीच सांगितलं नाही.

त्यानंतर सहा दिवसांनी डबा पास झाला. सकाळी सातला.

इथल्या बाया विचारतात, तिकडे जाऊन काय करणार? मी म्हणते, पोरांना गाणी शिकवणार. त्या हसतात. "गानं बी शिकवावं लागतंय व्हय?" त्यांचंही खरंच आहे.

ट्रंकेत काय काय भरू, ते लिही. तू पापड म्हणशील. ह्या वर्षी पापडाला पाणी नाही.

तुझी,
येणारी अक्का


युसूफ वडगाव,
रविवार, २० मे १९७३

प्रिय चंपू,

तुझी दोन पत्रं आली, मी उत्तर दिलं नाही. आज जे लिहिणार आहे ते आधी लिहिलं असतं, तर आज लिहावं लागलं नसतं.

तुझं पहिलं पत्र सात मेला आलं. त्यात शेवटी, जागा उरली म्हणून लिहावं तसं, तू लिहिलं होतंस: "अक्का, तुमच्या डब्याचं एप्रिलमधल्या ऑर्गनसारखं नाही ना होणार? भावजींना एकदा विचार." मी ते पत्र घडी घालून मिलोच्या डब्यात खाली सारलं आणि वर धान्य ओतलं.

चंपू, मला विचारायची गरजच नव्हती. मला ते अकरा एप्रिलपासून माहीत होतं.

आठवतं ना तुला, उन्हाळ्यात पियानो आणि ऑर्गन एकत्र वाजवता यायचे नाहीत? सिस्टर अॅग्नेस चिडायच्या आणि बाबा मागून हळूच म्हणायचे, "उन्हात ही बया चढती, सिस्टर, तिला कोण उतरवणार?" नळीत हवा तापली की नळीचा सूर वर चढतो. आपल्याला हे पाढ्यांच्या आधी आलं. त्या दुपारी कोंडलेल्या खोलीत मी डब्यात गुणगुणले, तेव्हा डबा काट्याच्या वर बोलला. थोडासाच, पण वर. नुसत्या उन्हाने एवढा, तर इंजिनाच्या जळत्या धुराने केवढा? डब्याचा सूर चढणार आणि इंजिनाचा होता तिथेच राहणार. मग डबा गिळणार काय? आमचं खोटं इंजिन हुबेहूब होतं, फक्त त्याचा श्वास थंड होता. हे भामाबाईच्या भात्याकडे बघून कुणाच्याही लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं.

आणि मी सही केली. सही खोटी नव्हती. सकाळी सातला सूर खरंच बंद होता. असं मी स्वतःला सांगितलं. मला वाटलं, हे सांगितलं तर सगळं पहिल्यापासून. नवा डबा, नवी भोकं, पुन्हा ती खोली, आणि जून निघून जाणार. सातवं वर्ष संपून आठवं लागणार. मला तुझी पेरूकडची खिडकी दिसत होती. मी तेवढ्यासाठी गप्प बसले, चंपू. दुसरं काहीही कारण नाही. शोधलं तरी सापडत नाही.

नऊ तारखेला काय झालं ते ऐक. साहेब जीपने आले. कचरूने डबा बसवला. इंजिन सुरू झालं, आणि खरंच, चंपू, मांजर घोरावं एवढाच आवाज. लोकांनी टाळ्या पिटल्या. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन हसल्या. बंकटरावांनी नारळ फोडला, ह्यांच्या गळ्यात हार घातला. वरच्या वस्तीचे सुग्रीव अण्णा रडायलाच लागले. "आता आमच्या बायांचं डोस्क्यावरचं वझं उतरलं," म्हणाले. मी बाळंतिणींच्या खोलीच्या भिंतीला टेकून उभी होते आणि मोजत होते. खोबऱ्याचा तुकडा हातात आला तोवर डबा तापला.

आधी थोडी गुरगुर, मग घोगरा सूर परत आला, आणि त्याच्यावर एक नवा, हुंकारासारखा. डब्याचा स्वतःचा. पहिल्यापेक्षा वाईट. आत एक मूल किंचाळलं, मग सगळीच. डॉक्टरीणबाई ओरडल्या, "बंद करा आधी ते!" साहेबांनी घड्याळात पाहिलं आणि जीपमध्ये बसले. ह्यांच्या गळ्यातला हार तसाच. काढायचं त्यांना सुचलं नाही, आणि मलाही जवळ जाऊन काढता आला नाही.

इंजिन पुन्हा दोन तासांवर आलं.

संध्याकाळी सोसायटीची सभा झाली. बंकटराव म्हणाले, "वहिनींची सही हाय, म्हंजी डबा बरुबरच हुता. बसवताना घाण झाली." सगळ्यांनी कचरूकडे पाहिलं. आणि कचरू, चंपू, तो उभा राहून म्हणाला, "माजीच भोकं चुकली असत्याल. बाईंनी पास केलता." बंकटरावांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं, हातांबद्दल, जातीबद्दल. मोठ्याने नाही म्हटलं, पण ऐकू जाईल इतकं म्हटलं. हे गप्प. कचरूला वर्कशॉपातून काढलं. आता तो रस्त्याच्या कामावर खडी फोडतो. ज्या हाताने तो सुईएवढं भोक पाडायचा, त्या हाताने.

घरी आल्यावर हे मला काय म्हणाले असतील? म्हणाले, "तुझा काय दोष? तू ऐकलंस तेच सांगितलंस. दोन तारखेला निघ तू. इथं आता काय ऱ्हायलंय." ट्रंक त्यांनीच उन्हातून आत आणून ठेवली. मला सुटका मिळाली, चंपू. ज्या किमतीला नको होती, त्याच किमतीला.

दहा दिवस मी हे घेऊन हिंडते आहे. बुद्धपौर्णिमेला विहारात पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याच्या चौथ्या शीलाशी माझी जीभ अडकली. मुसावादा. पुढचं 'वेरमणी' आलंच नाही. शेजारी कचरूची बायको दगडाबाई होती. तिला वाटलं, मी विसरले. तिने मला ऐकू जाईल असं हळू म्हणून दाखवलं. शाळेत असते तर मी जाळीच्या मागे बसलेल्या फादरना सांगून मोकळी झाले असते. इथे जाळी नाही. इथे ज्याचं बिघडवलंय, त्याच्याच तोंडावर सांगावं लागतं.

काल भामाबाई आली होती. बराच वेळ उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, "बाई, तुमी सारकं त्या डब्याकडं बघायल्या. त्यानं तुमचं काय खाल्लं?" मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, "मंग तुमी त्याचं काय खाल्लं?" ती सहज म्हणाली. मेंढपाळ बाई आहे, लंगडणारं मेंढरू तिला कळपातून दिसतं.

हे सगळं मी पहिल्यांदा तुलाच लिहिते आहे. लिहून होईस्तोवर भीती वाटत होती, की पाकीट बंद केलं की मन हलकं होईल आणि मग मी कुणाला काही सांगणार नाही. म्हणून पाकीट आत्ता बंद करत नाही. चपला घालते आणि खडीच्या कामावर जाते. परत आल्यावर दोन ओळी लिहीन.

*

आले. सांगितलं.

कचरू हातोडा बाजूला ठेवून ऐकत होता. त्याच्या भुवयांवर पांढरी धूळ होती. शेवटी म्हणाला, "मंग बाई, तवाच कावून न्हाई बोलल्या?" मी म्हटलं, "मला जायचं होतं." त्याने हातोडा पुन्हा उचलला. "जायाचं हुतं तर जायाचं हुतं. कडी आमी त्या खोलीला लावलती, बाई. तुमाला न्हाई."



अक्का


युसूफ वडगाव,
३ जून १९७३

प्रिय चंपू,

आशीर्वाद.

काल दोन तारीख होती. गाडी घाटनांदूरहून सुटली असेल. वेळ झाली तेव्हा मी चुलीपाशी होते, आणि कान उगाचच तिकडे होते. इतक्या लांबून ऐकू येत नाही, हे माहीत असूनही.

मागचं पत्र टाकल्यावर मी ह्यांना सांगितलं. त्या दिवसापासून हे माझ्याशी बोलेनासे झाले. जेवायचे, ताट घासून ठेवायचे, आणि अंगणात पाठ करून बसायचे. तिसऱ्या दिवशी मी आपणहून बंकटरावांकडे गेले आणि रजिस्टर मागितलं. जिथे माझी सही होती तिथेच खाली लिहिलं: 'तापल्यावर डब्याचा सूर चढतो. हे मला सही करण्यापूर्वी माहीत होतं. मिस्तरी कचरू यांची चूक नाही.' आणि पुन्हा सही केली. बंकटरावांनी वाचलं. "वहिनी, असं कुणी लिवतं व्हय? लोक काय म्हंत्याल?" मी म्हटलं, "कॉन्व्हेंटची सही आहे, वाचता येणार नाही कुणाला." त्यांना हसावं की नाही, कळेना. पण सभेत त्यांनी ते वाचून दाखवलं, स्वतः, उभं राहून. एवढं मात्र त्यांचं मानलं पाहिजे.

कचरू परत आला. म्हणजे बोलावलं म्हणून लगेच नाही आला. चार दिवस तिथेच खडी फोडत राहिला. पाचव्या दिवशी आला आणि आल्या आल्या चकतीला तेल घातलं.

त्याच दिवशी सकाळी हे माझ्याशी बोलले. पहिलं वाक्य काय, तर "हवा तापवायची कशी?" चंपू, मला हसू आलं आणि रडू आलं. मी म्हटलं, "पाइप निखाऱ्यांतून न्या. धूर आत नको, नुसती ऊब." हे म्हणाले, "म्हंजी तू आत भाजून निघणार." मी म्हटलं, "हो."

आता तसं केलंय. भात्याची हवा लाल पाइपातून येते आणि खोट्या इंजिनाचा श्वास खऱ्यासारखा गरम झाला आहे. आतली खोली तंदूर झाली आहे. दहा मिनिटांच्या वर मला बसवत नाही. दर दहा मिनिटांनी भामाबाई ओलं फडकं घेऊन दारात उभी, "निगा बाहीर, का आतच पापड व्हायचाय?" म्हणून. डबा जवळजवळ दीडपट लांब करावा लागला. सूर सापडेल असं वाटतं, पण आज नाही, उद्याही नाही. साहेबांना पुन्हा बोलवायचं, तर त्यांची परवानगी वेगळीच. पाऊस कधी येईल, सांगता येत नाही. तो आला तर विहिरी भरतील, आणि मग डब्याची निकड कुणाला उरेल का, तेही सांगता येत नाही. पण वस्तीवरच्या बाया आजही तीन कोस चालून येतात. डोक्यावर दोन हंडे, कडेवर एक. सुग्रीव अण्णा मला भेटले तेव्हा मान वळवून गेले. त्यांचं बरोबर आहे.

तेव्हा मदरना सांग की सगुणा येत नाही. जागा दुसऱ्या कुणाला द्या. ठेवू नका, ठेवलीत तर मी रोज तिच्याकडे बघत बसेन. खोलीही भाड्याने दे. पडदा मी शिवला होता, तो दवाखान्यातल्या बाळंतिणींच्या खोलीला दिला. सातजणी आहेत तिथे सध्या.

हे म्हणाले, "पुढच्या वर्षी जा." दोन वर्षं म्हणून आणलं होतं तेव्हाही आवाज असाच होता, प्रेमाचा. मी रागावले नाही. मी आता ह्यांच्यावर रागावू शकत नाही, हीही एक अडचणच झाली आहे.

तुला एक मागायचं आहे. बाबांचा तो दांडा, ऑर्गन विकला तेव्हा तू आणून ठेवलेला. माळ्यावर असेल. पाठवता आला तर पाठव. भामाबाईच्या भात्याच्या दांड्याला चीर गेली आहे, आणि बाबांच्या दांड्याला माणसाच्या मुठीचे खळगे आहेत. तिच्या हाताला बसतील.

काल, गाडीची वेळ टळून गेल्यावर, कचरूने गोदामाच्या दाराची कडी उपटली आणि आतल्या बाजूला बसवली. मला विचारलं नाही. चार खिळे तोंडात धरून ठोकत होता. झाल्यावर म्हणाला, "आता टँकर आला तरी बघायला नको."

नंतर मी आत गेले. दार ओढलं. कडी नवीन होती, घट्ट. तिच्यावर हात ठेवून जरा वेळ उभी राहिले. बाहेर सायकल सुरू झाली, भाता सुरू झाला, सगळे माझ्या ठोकण्याची वाट बघत. मी कडी लावली, स्टुलावर बसले, आणि एकदा ठोकलं.

आतून,
तुझी अक्का